तुंबलेलं बेसिन आणि साडेचार हजार वर्षं



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून दोन-तीन जणांनी मला फोन केले. एकाने विचारलं, "सर, छपाईत काही चूक झाली का?" दुसरे माझे जुने सहकारी. ते म्हणाले, "आयुष्यभर कान्ट शिकवलात आणि आता बेसिन?" त्यांना म्हटलं, चूक नाही. विषय बेसिनच आहे. हात धुतल्यावर पाणी ज्या भोकातून खाली जातं ते भोक, त्यावरचं बूच, आणि खालची वाकडी नळी. या तीन वस्तूंना इतिहास आहे. तो मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, गुडघे टेकून बसल्यावर कळायला लागला. (हशा)

झालं असं. गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या घरातलं बेसिन तुंबलं. तोंड धुतलं की पाणी अर्धा तास तसंच उभं राहायचं. प्लंबरला फोन केला, तो म्हणाला परवा येतो. तो परवा काही उगवला नाही. मुलगी परगावी असते. तिला फोनवर सहज म्हटलं, "हे बघ, पस्तीस वर्षांत आपलं बेसिन कधी तुंबलं नव्हतं. आताच काय झालं कोण जाणे." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुंबत नव्हतं असं नाही. आई दर दुसऱ्या रविवारी ते साफ करायची. क्रोशाच्या सुईनं."

माझी पत्नी त्याच्या आदल्या वर्षी गेली. म्हणजे पस्तीस वर्षं मी ज्याला बेसिनचा गुण समजत होतो, ते एका माणसाचं काम होतं. आणि तेव्हा रविवारी सकाळी मी काय करत असे? वर्तमानपत्र वाचत असे. कधीकधी 'श्रमप्रतिष्ठा' या विषयावर लेखही लिहीत असे.

असो. क्रोशाची सुई तिच्या विणकामाच्या डब्यात सापडली. बादली घेतली आणि बसलो.

आता मी काय पाहिलं ते सांगतो, कारण पुढचा सगळा इतिहास त्यातून निघतो. वरचं बूच फिरवून काढलं. त्याच्या दांड्याला केस गुंडाळलेले होते, आणि केसांवर एक काळपट, बुळबुळीत लेप. पुण्यात बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना ठाऊक असेल, जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, साका येतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि साबणातली चरबी मिळून तो साका होतो. तो केसांना चिकटतो, त्यावर जिवाणू आपली वसाहत मांडतात, टूथपेस्टची भुकटी त्यात अडकते. केस हा या सगळ्याचा सांगाडा. तो ओढून काढला की निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं खाली असतं. बेसिनखाली एक पितळी किंवा प्लॅस्टिकची बाटलीसारखी वस्तू दिसते, तिला बॉटल ट्रॅप म्हणतात. जुन्या घरांत तिच्या जागी वाकवलेली नळी असे. बाटलीचा तळ हाताने फिरवून उघडतो. मी बादली ठेवली, तळ उघडला, गाळ आणि पाणी बादलीत पडलं. फार आनंद झाला. तो तळ धुवायला म्हणून मी सवयीने वरचा नळ सोडला, आणि सगळं पाणी माझ्या पायांवर. (हशा) खालची नळी आपणच काढली आहे हे तत्त्वज्ञानाच्या डॉक्टरेटला सुचलं नाही.

पण पाय पुसताना एक प्रश्न मात्र सुचला. ट्रॅप उघडण्यापूर्वी त्यात पाणी होतंच. तुंबलेलं म्हणून नव्हे. साफ करून परत बसवला तरी त्यात दोन-तीन इंच पाणी राहणारच, तशीच त्याची रचना असते. ज्या नळीचं काम पाणी घालवणं, तिच्यात मुद्दाम थोडं पाणी अडवून का ठेवलेलं आहे?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला बरंच मागे जावं लागलं.

साडेचार हजार वर्षांपूर्वीचं मोहेंजोदडो आपल्या सर्वांच्या शालेय पुस्तकात आहे. १९२२ साली राखालदास बॅनर्जींनी तिथे उत्खनन सुरू केलं. पक्क्या विटांची घरं, घरोघरी न्हाणीची उतरती फरशी, तिथून निघणारी नाली, आणि ती रस्त्याकडेच्या विटांच्या गटाराला मिळालेली. गटारावर विटांची किंवा दगडांची झाकणं. आपण हे वाचतो आणि अभिमानाने पान उलटतो. पण थांबून पाहू या. झाकणं सुटी होती. ती उचलता येत. जागोजागी गाळ बसण्यासाठी खड्डे होते. झाकण उचलता येईल असं का करतात? कोणीतरी ते उचलणार असतो म्हणून. आणि उत्खनन करणाऱ्यांना गटारांच्या कडेला उपसलेल्या गाळाचे लहान लहान ढीग तसेच पडलेले आढळले. म्हणजे बांधणाऱ्यांची विटांची मापं आपल्याला मिळाली, आणि उपसणाऱ्यांचे ढीग. दोघांचीही नावं नाहीत. तिथली लिपीच वाचता आलेली नाही, त्यामुळे निदान तिथे तरी दोघांना सारखाच न्याय मिळाला आहे.

रोममध्ये तसं नाही. रोमचं मोठं गटार, क्लोआका मॅक्सिमा, परंपरेने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या राजांच्या नावावर आहे. रोमन लोकांची गटाराची एक देवीसुद्धा होती, क्लोआसिना. इसवी सनापूर्वी ३३ साली अग्रिप्पा नावाच्या अधिकाऱ्याने शहराची गटारं साफ करवून घेतली आणि मग तो नावेत बसून त्या गटारातून फेरफटका मारून आला. इतिहासकारांनी हे कौतुकाने नोंदवलं. पण गाळ कोणी काढला? याचं उत्तर दीडशे वर्षांनंतरच्या एका पत्रात सापडतं. सम्राट ट्राजनने धाकट्या प्लिनीला, म्हणजे आपल्या एका प्रांताधिकाऱ्याला, लिहिलं आहे: शिक्षा झालेले जे लोक आता म्हातारे झाले आहेत, त्यांना शिक्षेच्या जवळपास जाणारी कामं द्यावीत. कोणती कामं? सार्वजनिक स्नानगृहांची, गटारं साफ करण्याची, रस्ते करण्याची. गटार साफ करणं हे काम आहे की शिक्षा, याबद्दल सम्राटाच्या मनात फारसा घोळ नव्हता.

हा धागा हातात धरून ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता वाकड्या नळीकडे. इंग्लंडमध्ये १५९६ साली सर जॉन हॅरिंग्टन यांनी पाण्याने धुतल्या जाणाऱ्या संडासाचं वर्णन छापलं. ते राणी पहिल्या एलिझाबेथचे धर्मपुत्र. कल्पना उत्तम, पण एक अडचण राहिली. पाणी खाली जायची वाट म्हणजे वास वर यायचीही वाट. सरळ नळी दोन्हीकडून सारखीच उघडी असते. ही अडचण सुटायला पावणेदोनशे वर्षं जावी लागली. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग याने जे पेटंट घेतलं त्यात खालची नळी इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळवलेली होती. त्या वळणात थोडं पाणी कायम उभं राहतं. नवं पाणी आलं की जुनं पुढे ढकललं जातं आणि तेवढंच नवं तिथे थांबतं. पाणी जाऊ शकतं, हवा येऊ शकत नाही. पाण्याचंच झाकण, आणि ते दर वापरात आपोआप बदललं जातं.

हा कमिंग कोण? घड्याळजी. राजा तिसरा जॉर्ज याच्यासाठी हवेचा दाब नोंदवणारं घड्याळ त्याने बनवलं होतं. ज्याचं आयुष्य लहानशा जागेत सूक्ष्म गोष्टी जुळवण्यात गेलं, त्यालाच नळीला एक वळण द्यायचं सुचलं. आज बेसिन, मोरी, सिंक, कमोड, सगळ्यांखाली हेच वळण वेगवेगळ्या रूपात आहे. आणि आपल्याला आनंद वाटेल अशी एक गोष्ट: आपल्याकडच्या स्थापत्याच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत मोरीच्या तळाशी बसवण्याच्या ट्रॅपला 'नहाणी ट्रॅप' असं नाव आहे. आपली न्हाणी त्या पुस्तकांत जाऊन बसली आहे.

पण लोकांना वासाची एवढी भीती का वाटत होती? केवळ नाकाला त्रास म्हणून नव्हे. त्या काळचं वैद्यकशास्त्र सांगत होतं की दूषित हवा हेच रोगाचं कारण. कुजणाऱ्या पदार्थांतून वाईट हवा निघते, ती श्वासात जाते, माणूस आजारी पडतो. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच वाईट हवा. इंग्लंडमधल्या आरोग्य सुधारणेचे अध्वर्यू एडविन चॅडविक यांचा १८४२ सालचा अहवाल प्रसिद्ध आहे. त्यांची अशी ठाम समजूत होती की दुर्गंधी म्हणजेच रोग. त्यामुळे त्यांच्या काळात लंडनमध्ये धोरण असं झालं की घराजवळची घाण वाहत्या पाण्याने लवकरात लवकर दूर ढकलायची. दूर म्हणजे कुठे? थेम्स नदीत. आणि लंडनचे कितीतरी लोक पाणी कुठलं पीत होते? थेम्सचं. १८४८-४९ च्या पटकीत लंडनमध्ये सुमारे १४ हजार माणसं मेली.

१८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या आसपासच्या मृत्यूंचा माग काढला आणि दाखवलं की पटकी पाण्यातून येते, हवेतून नाही. बहुतेकांना ते पटलं नाही. मग १८५८ चा उन्हाळा आला. थेम्सला इतका वास सुटला की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावले. जे काम हजारो मृत्यूंनी झालं नव्हतं ते खासदारांच्या नाकाने काही आठवड्यांत केलं. कायदा झाला, पैसे मंजूर झाले, आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने सुमारे १३० किलोमीटर लांबीची मोठी गटारं बांधली. ती नदीच्या कडेकडेने घाण गोळा करून शहराच्या पुढे, भरतीच्या बाजूला नेऊन सोडत. १८६६ साली लंडनमध्ये पटकी पुन्हा आली, तेव्हा तिचा मुख्य तडाखा पूर्व भागाला बसला, जिथे हे काम पुरं झालेलं नव्हतं. योजना यशस्वी झाली होती. स्नो मात्र ते पाहायला नव्हते. ते १८५८ च्या जूनमध्येच, त्या दुर्गंधीच्याच महिन्यात, वारले.

आता तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. सिद्धान्त चुकीचा, कृती बरोबर. वास घालवायला म्हणून गटारं बांधली, आणि त्या ओघात पिण्याच्या पाण्यातून मैला गेला. म्हणून माणसं वाचली. आपण वर्गात शिकवतो की खोट्या गृहीतकातून खरा निष्कर्षही निघू शकतो. तिथे फळ्यावर दोन ओळी असतात. इथे एक अख्खं शहर होतं.

वाकड्या नळीचंही तेच झालं. १८७१ साली इंग्लंडच्या युवराजाला विषमज्वर झाला. स्कारबरोच्या ज्या बंगल्यात ते उतरले होते तिथल्या आणखी दोघांचा त्यात बळी गेला. युवराज वाचले, पण देशभर बोभाटा झाला की दोष त्या घराच्या गटारांचा. मग श्रीमंत घरांत गटारातल्या वायूची दहशत पसरली. प्रत्येक बेसिनखाली ट्रॅप, ट्रॅपला वायुनळी, प्लंबरांना परीक्षा आणि परवाने. आपल्या न्हाणीघरातले निम्मे नियम त्या भीतीची अपत्यं आहेत. पुढे जंतुशास्त्र आलं. विषमज्वर वायूने होत नाही, अन्नपाण्यातून जाणाऱ्या जंतूने होतो, हे सिद्ध झालं. भीती ओसरली, नळी राहिली.

चुकीचा सिद्धान्त प्रत्येक वेळी असा उपकारक ठरत नाही, हे सांगायला मुंबई आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याचा जंतू दोनच वर्षांपूर्वी येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये शोधला होता. पण जंतू माणसात शिरतो कसा हे माहीत नव्हतं. मग महापालिकेने काय केलं? लंडनने शिकवलेलं तेच. गटारं धुतली. कार्बोलिक ॲसिड आणि समुद्राचं पाणी गटारांतून सोडलं. घरं धुतली, भिंती चुन्याने रंगवल्या, सामान जाळलं. रोग काही हटला नाही. कारण वाहक होती पिसू, आणि पिसू होती उंदरावर. ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवली. गटारांवर एवढा मारा केल्याने उंदीर घरांत शिरले असणार, असं नंतरच्या अनेकांना वाटलं. त्याच कल्पनेने लंडन तारलं आणि मुंबईत ती निरुपयोगी ठरली. पुढे पुण्यात काय झालं, रँडसाहेब आणि १८९७, ते तुम्हाला सांगायला नको.

पण मुंबईच्या त्या दिवसांतली एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. लोक शहर सोडून पळत होते. तेव्हाचे महापालिका आयुक्त स्नो. योगायोग पाहा, हे दुसरे स्नो. या स्नोसाहेबांना सर्वांत मोठी धास्ती कशाची होती? हलालखोर शहर सोडून जातील याची. हलालखोर म्हणजे शहराचा मैला काढणारे सफाई कामगार. महापालिका त्यांच्या नावाने हलालखोर कर घेत असे. शब्दाचा अर्थच मुळी कष्टाची, हक्काची भाकरी खाणारा. हे लोक गेले तर शहर काही दिवसांत राहण्यालायक उरणार नाही, हे आयुक्तांना पक्कं माहीत होतं. लोकांना जबरदस्तीने इस्पितळात नेण्याचे सुरुवातीचे कडक हुकूम सौम्य करण्यामागे ही धास्ती हेही एक कारण होतं. म्हणजे ज्यांना कोणी हिशेबात धरत नव्हतं, त्यांच्या पायावर शहर उभं आहे हे संकटात सरकारला दिसलं. संकट सरल्यावर दिसेनासं झालं.

आता नळीची गोष्ट पुरी करतो. आमच्या पिढीला वाटलं होतं की ट्रॅप म्हणजे फक्त वासाची सोय. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सची साथ पसरली. तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले, आणि त्यांतले पुष्कळसे एकाच इमारतीतले. तपासात काय निघालं? न्हाणीघराच्या फरशीतल्या ट्रॅपमधलं पाणी आटलेलं होतं. लोक फरशी पाण्याने धूत नव्हते, पुसून घेत होते. पाणी नाही म्हणजे झाकण नाही. वर खिडकीत पंखा लावला की तो उभ्या नळातली दूषित हवा आणि तुषार खेचून आत आणायचा. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका घड्याळजीने वाईट हवेच्या धाकाने जे दोन इंच पाणी अडवलं, ते पाणी नसल्यामुळे एकविसाव्या शतकात हवेतूनच रोग आला. जो सिद्धान्त आपण टाकून दिला त्याच्यात तेवढा एक खरा कण शिल्लक होता. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, जुनी चूक फेकून देताना तिच्या तळाशी काय अडकलं आहे ते पाहून मग फेका.

मित्रहो, तो दुसरा धागा आपण सोडलेला नाही. साफ कोण करतो?

माझं बालपण एका तालुक्याच्या गावात, वाड्यात गेलं. वाड्याला पुढे दिंडीदरवाजा होता आणि मागे बोळात एक लहान दार. संडास टोपलीचा. मागच्या बोळातून एक बाई रोज सकाळी येत. आजी वरून, लांबून पाणी ओतायची. शिळी भाकरी द्यायची ती पायरीवर ठेवून. मी मॅट्रिक होऊन गाव सोडलं तोपर्यंत, म्हणजे मला आठवतं तेव्हापासून दहा-अकरा वर्षं, त्या बाई रोज आल्या. पावसात आल्या, सणाला आल्या. त्यांचं नाव मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही. आज मी तुम्हाला कमिंगचं नाव सांगितलं, बॅझलजेटचं सांगितलं, दोन-दोन स्नो सांगितले. त्या बाईंचं सांगू शकत नाही. आणलेल्या पाण्याची आपण नोंद ठेवतो. कात्रजहून पुण्यात पाणी नानासाहेब पेशव्यांनी आणलं हे शाळकरी पोरगाही सांगेल. गेलेल्या पाण्याची नोंद कोणी ठेवत नाही.

आपल्याकडे या कामाला जात चिकटवलेली आहे. ट्राजनने ते काम कैद्यांना तरी दिलं होतं, काही गुन्ह्यासाठी. आपण ते जन्मावर दिलं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितलं. तुरुंगात ते काम जातीवर वाटलेलं होतं, सवर्णाला देता येत नाही म्हणून नकार मिळाला. अप्पांनी उपोषण केलं, आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरमध्ये उपोषण केलं. पुढे अप्पांनी कणकवलीच्या गोपुरीत संडास आणि खत यांवरच वर्षानुवर्षं काम केलं. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको.

पण बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेपही इथे ऐकला पाहिजे, आणि तो मला अधिक टोचतो. त्यांचं म्हणणं होतं की जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे. ज्याला दुसरं काम करायची मुभाच नाही त्याला तुझं काम पवित्र आहे असं सांगणं ही थट्टा आहे. मी एक दिवस गुडघे टेकून माझं बेसिन साफ केलं, उठलो, साबणाने हात धुतले आणि पुन्हा प्राध्यापक झालो. ही सोय ज्याला नाही त्याच्याशी बरोबरी सांगू नये. आणि माझ्या पत्नीलाही ही सोय नव्हती. तिला कोणी सक्ती केली नव्हती, पण कोणी विचारलंही नव्हतं.

कायदे झाले. १९९३ साली झाला, २०१३ साली अधिक व्यापक झाला. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली यातच सगळं आलं. माणसं अजून उतरतात, अजून गुदमरून मरतात. आणि सोसायटीचं चेंबर तुंबलं की आपण कमिटीच्या मीटिंगमध्ये काय विचारतो? "किती घेईल?" कसा करेल, आत उतरेल का, मशीन येईल का, हे आपण विचारत नाही. मी स्वतः त्या कमिटीवर सहा वर्षं होतो. मीही विचारलं नाही.

प्लेटोचा एक संवाद आहे, 'पार्मेनिडीज'. त्यात तरुण सॉक्रेटिस सौंदर्य, न्याय, शिव यांच्या शाश्वत रूपांबद्दल मोठ्या उत्साहाने बोलत असतो. वृद्ध पार्मेनिडीज त्याला विचारतो: मग केसाचं काय? चिखलाचं? मळाचं? या वस्तूंनाही तशी रूपं आहेत का? सॉक्रेटिस गडबडतो. नाही म्हणतो, आणि कबूल करतो की हा विचार मनात आला की मी पळ काढतो. पार्मेनिडीज म्हणतो, तू अजून तरुण आहेस; तत्त्वज्ञान तुझ्या अंगात पुरतं भिनेल तेव्हा तू यातल्या कशालाही तुच्छ मानणार नाहीस.

हा उतारा मी वर्गात तीसेक वेळा तरी शिकवला असेन. केस, चिखल आणि मळ. बेसिनच्या नळीत नेमकं तेच तीन असतं. क्रोशाच्या सुईला केसांचा पुंजका लागून वर आला तेव्हा त्यात काही लांब केस होते, पांढरे. माझे केस एवढे लांब नाहीत. पस्तीस वर्षांची परीक्षा त्या दिवशी झाली. मी पास झालो असं म्हणत नाही. पण पळ काढला नाही एवढं खरं.

आता वेळ संपत आली. आयोजकांनी 'श्रोत्यांना घरी नेता येईल असं काही सांगा' असं सुचवलं होतं, ते सांगून थांबतो.

महिन्यातून दोनदा बूच काढा आणि केस ओढून काढा. जुना दातांचा ब्रश आणि एखादी आकडी पुरते. ट्रॅपचा तळ हातानेच उघडा, पान्हा लावून आवळू नका, नाही तर आतला वायसर चेमटतो आणि ठिबकायला लागतं. बादली खाली ठेवा, आणि बादली असेपर्यंत वरचा नळ सोडू नका. माझे पाय आठवा. (हशा) बाजारात मिळणारी पांढरी पावडर, म्हणजे कॉस्टिक, आणि ॲसिड एकत्र कधीही टाकू नका, उसळून अंगावर येतं. ब्लीच आणि ॲसिड तर मुळीच नाही, त्यातून क्लोरीन निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. प्लंबरला बोलावलंत तर आत आधी काय ओतलं आहे ते त्याला सांगा. हात त्याचा जाणार आहे. मुलांकडे अमेरिकेला सहा महिने जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवा, आणि पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतायला सांगा. ते पाणी म्हणजे तुमच्या घराचं दार आहे.

आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये, चेंबरचा विषय निघाला की, एक प्रश्न विचारा. आत माणूस उतरणार आहे का? उतरणार असेल तर काम थांबवा. आणि मशीन घेऊन जो येईल त्याला आधी नाव विचारा. मी अकरा वर्षांत विचारलं नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा.